पडद्यामागचे राखणदार

डिसेंबर २०२५ मध्ये टोकियो येथे लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रमुख देखभालकर्त्यांची वार्षिक बैठक झाली. 'रस्ट' या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचा लिनक्सच्या गाभ्यातील वापर यापुढे प्रयोग मानला जाणार नाही, असे या बैठकीत ठरले. ग्राफिक्स विभागाचे प्रमुख डेव्ह एअरली यांनी त्याही पुढची गोष्ट सांगितली. साधारण वर्षभरात आपल्या विभागात येणारा प्रत्येक नवा ड्रायव्हर रस्टमध्येच लिहावा लागेल आणि 'सी' या जुन्या भाषेतील नवे ड्रायव्हर स्वीकारले जाणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९९१ पासून सी भाषेवर उभ्या असलेल्या या प्रकल्पात एका मोठ्या विभागाच्या प्रमुखाने असे बोलणे ही साधी घटना नव्हे.

वरवर पाहता हा प्रोग्रॅमरमंडळींचा अंतर्गत मामला वाटतो. कोणती आज्ञावली कोणत्या भाषेत लिहावी, याच्याशी सामान्य वाचकाला काय देणेघेणे? परंतु या निर्णयाच्या मुळाशी असलेला प्रश्न भाषेचा नाही, तो माणसांचा आहे. जगभरातील कोट्यवधी संगणकांच्या पडद्यावर चित्र उमटवणारी आज्ञावली वर्षानुवर्षे निगुतीने सांभाळायची कोणी, त्याचा मोबदला कोणी द्यायचा आणि सांभाळणारा थकला की पुढे काय, हा तो प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांतील घडामोडी पाहिल्या तर त्याचे उत्तर अजून कोणालाच पुरते सापडलेले नाही, असे दिसते.

चित्र उमटते कसे?

लिनक्सचा 'कर्नेल' म्हणजे प्रणालीचा गाभा. यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामधला हा कारभारी. प्रत्येक यंत्रभागाशी बोलण्यासाठी त्याला दुभाष्या लागतो आणि त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. कीबोर्डचा दुभाष्या काही शे ओळींत आटोपतो, ग्राफिक्स कार्डाची गोष्ट मात्र वेगळी आहे. संगणक सुरू होताच जोडलेला मॉनिटर कोणता, त्याला किती बाय किती ठिपक्यांचे चित्र पेलते, सेकंदाला किती वेळा ते ताजे करायचे, हे सारे ड्रायव्हरला मॉनिटरकडून विचारून घ्यावे लागते. मग कार्डातील घड्याळे जुळवणे, चित्रासाठी स्मृतीत जागा राखणे, एकाच वेळी चित्र काढू पाहणाऱ्या डझनभर कार्यक्रमांना पाळीपाळीने संधी देणे, वीज वाचवणे, लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर सगळे पूर्ववत करणे, ऐन सभेत प्रोजेक्टर जोडला तर क्षणात त्याची दखल घेणे, अशी कामांची न संपणारी यादी असते. यातले एक जरी चुकले तरी वापरणाऱ्याला काळा पडदा दिसतो.

ही जबाबदारी पूर्वीपासून कर्नेलकडे नव्हती. चित्रे दाखवणारा 'एक्स' नावाचा कार्यक्रम गाभ्याला बाजूला सारून थेट कार्डाशी व्यवहार करत असे आणि त्यासाठी त्याला प्रणालीतील सर्वोच्च अधिकार द्यावे लागत. सुरक्षेच्या दृष्टीने हे धोक्याचे होते. शिवाय गाभा आणि एक्स हे दोघेही एकाच कार्डाचे मालक असल्यासारखे वागत असल्याने संगणक झोपेतून उठला की पडदा उठेलच, याची हमी नसे. मार्च २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२९ या आवृत्तीत पडद्याची मांडणी करण्याचे काम प्रथमच गाभ्याने स्वतःकडे घेतले. सुरुवात इंटेलच्या ग्राफिक्सपासून झाली आणि पाठोपाठ इतर कंपन्यांची कार्डेही त्या चौकटीत आली. वापरणाऱ्यांची सोय झाली, पण देखभाल करणाऱ्यांच्या खांद्यावरचे ओझे कायमचे वाढले.

ते किती वाढले, याची कल्पना एका आकड्यावरून यावी. २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.९ मधील एकूण ओळींपैकी सुमारे दहा टक्के ओळी केवळ एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांच्या एका ड्रायव्हरच्या होत्या. त्यातील बहुसंख्य ओळी यंत्राने तयार केलेल्या तक्त्यांच्या आहेत, हे खरे. तरीही एका कंपनीच्या एका प्रकारच्या उत्पादनाने गाभ्याची एवढी जागा व्यापावी, यातच या क्षेत्राचा पसारा दिसतो.

नोंदवहीतील नावे

लिनक्सचा कारभार कोणा कंपनीच्या हाती नाही. गाभ्यासोबत एक लांबलचक नोंदवही असते. कोणता भाग कोण सांभाळते, हे तीत नावानिशी लिहिलेले असते आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या भागाची स्थितीही असते. कोणी पगार देऊन सांभाळत असेल तर एक शेरा, कोणी आपल्या वेळात सांभाळत असेल तर दुसरा, 'अधूनमधून दुरुस्ती' असा तिसरा आणि कोणीच नसेल तर सरळ 'अनाथ' असा शेरा. हा शेवटचा शब्द प्रकल्पाच्या अधिकृत परिभाषेतलाच आहे.

दर नऊ ते दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. पहिल्या दोन आठवड्यांत लिनस टोरवाल्ड्स नव्या गोष्टी स्वीकारतात आणि उरलेले सात-आठ आठवडे केवळ चाचणी आणि दुरुस्तीचे असतात. ग्राफिक्स विभागात एअरली आणि सिमोना व्हेटर हे शिखरस्थानी आहेत. त्यांच्याखाली इंटेल, एएमडी यांसारख्या कंपन्यांचे अभियंते आपापले ड्रायव्हर पाहतात. लहानसहान ड्रायव्हरांसाठी एक सामाईक शाखा असून ती अनेक जण मिळून चालवतात. एकाच माणसावर भार पडू नये, म्हणून या विभागाने ही सामुदायिक पद्धत इतरांच्या आधी स्वीकारली, हे त्याचे श्रेय.

या विभागाचे दोन नियम समजून घेतल्याशिवाय पुढचे वाद कळणार नाहीत. पहिला नियम सर्व लिनक्सचा आहे: काल चालत असलेला कार्यक्रम आज नव्या गाभ्यामुळे बंद पडता कामा नये. दुसरा खास ग्राफिक्सवाल्यांचा: गाभ्यात एखादी नवी सुविधा हवी असेल, तर ती वापरणारा बाहेरचा कार्यक्रमही मुक्त स्रोताचा असला पाहिजे. कारण एकदा सुविधा दिली की पहिल्या नियमानुसार ती कायमची निभवावी लागते आणि ती वापरणारा कार्यक्रमच कुलूपबंद असेल, तर बिघाड शोधायचा कुठे?

हा दुसरा नियम पाळणे सोपे नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे प्रवेगक बाजारात येऊ लागले, तेव्हा त्यांतील काहींनी ग्राफिक्स विभागाला वळसा घालून गाभ्याच्या 'किरकोळ' विभागातून प्रवेश मिळवला. २०१९ मध्ये इस्रायलमधील हबाना लॅब्सचा ड्रायव्हर असाच दाखल झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंटेलने ती कंपनी विकत घेतली. हे प्रवेगक अंतरंगात ग्राफिक्स कार्डांसारखेच असताना त्यांना नियम वेगळा का, असा सवाल ग्राफिक्सच्या देखभालकर्त्यांनी लावून धरला. वाद बराच काळ चालला आणि २०२३ च्या प्रारंभी ग्राफिक्सच्याच छत्राखाली प्रवेगकांसाठी स्वतंत्र उपविभाग सुरू झाला.

नकाराची किंमत

देखभालकर्त्याच्या हाती खरे शस्त्र एकच असते, नकाराचे. २०१६ च्या फेब्रुवारीत एएमडीने आपल्या नव्या कार्डांसाठी पडद्याचे काम पाहणारी प्रचंड आज्ञावली चर्चेसाठी पुढे ठेवली. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर एकच आज्ञावली चालावी, अशी तिची रचना होती. साहजिकच मध्ये एक अनुवाद करणारा थर होता. कंपनीच्या दृष्टीने यात शहाणपण होते, कारण एकच चाचणी, एकच दुरुस्ती आणि खर्च निम्मा. वर्षअखेरीस एअरली यांनी तिला ठाम नकार दिला. असा थर एकदा आत आला की त्यात कंपनीबाहेरच्या कोणाला हात घालता येत नाही, सर्व ड्रायव्हरांसाठी करायच्या सामाईक सुधारणा त्या भिंतीशी अडतात आणि कंपनीचे लक्ष दुसरीकडे वळले की तो गुंता इतरांच्या गळ्यात पडतो, असा त्यांचा मुद्दा होता.

या नकाराची झळ ग्राहकांना बसली. ऑगस्ट २०१७ मध्ये एएमडीची 'व्हेगा' कार्डे बाजारात आली, तेव्हा मुख्य प्रवाहातील लिनक्सवर त्यांतून पडद्यावर चित्रच येत नव्हते. पैसे मोजून कार्ड घेतलेल्यांना कंपनीची बाहेरची आज्ञावली वेगळी बसवावी लागली. दरम्यानच्या काळात एएमडीच्या अभियंत्यांनी थर सोलून काढत रचना बदलली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ती स्वीकारली गेली. लाखाहून अधिक ओळींची ही भर घेऊन लिनक्स ४.१५ जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

नकार बरोबर होता काय? काही महिने ग्राहकांची गैरसोय झाली, याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर जे घडले, ते नकाराच्या बाजूने साक्ष देते. २०११ च्या अखेरीपासून २०१३ पर्यंतच्या काळात आलेली एएमडीची कार्डे दीर्घकाळ जुन्या ड्रायव्हरवर चालत होती आणि कंपनीला त्यांत व्यापारी रस उरला नव्हता. २०२५ मध्ये व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीकडून मानधन घेणाऱ्या एका अभियंत्याने त्यांच्यासाठी उरलेले काम पुरे केले. जुन्या मॉनिटरांची अॅनालॉग जोडणीही नव्या रचनेत आणली. परिणामी वर्षअखेरीस ही कार्डे नव्या ड्रायव्हरवर आपोआप चालावीत, असा बदल स्वीकारला गेला. बारा-तेरा वर्षांच्या जुन्या यंत्राला असे पुनर्जीवन मिळाले, ते बाहेरच्या माणसाला त्या आज्ञावलीत हात घालता आला म्हणूनच. २०१६ मध्ये मागितलेली शिस्त ही अशा दिवसासाठीच होती.

त्रिशंकू कार्डे

याच्या नेमके उलट चित्र एनव्हिडियाच्या बाबतीत दिसते. या कंपनीने अनेक वर्षे आपला ड्रायव्हर कुलूपबंद ठेवला. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्स यांनी तिच्या असहकाराबद्दल कॅमेऱ्यासमोर असभ्य हावभाव करून संताप व्यक्त केला होता आणि ते दृश्य जगभर गाजले. मधल्या काळात काही स्वयंसेवकांनी कार्ड कसे वागते, याचे निरीक्षण करत उलट दिशेने शोध घेऊन 'नुवो' नावाचा मुक्त ड्रायव्हर उभा केला. तो २०१० मध्ये गाभ्यात दाखल झाला. कागदपत्रांविना, केवळ चिकाटीने केलेले हे काम संगणकाच्या इतिहासात नोंद घ्यावी, असे आहे.

परंतु २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीने नवी अट घातली. कार्डाच्या आत चालणारी छोटी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, कंपनीच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय चालणार नाही. आवश्यक तेवढे स्वाक्षरीयुक्त फर्मवेअर कंपनीने कालांतराने दिले, पण कार्डाचा वेग वाढवण्याची किल्ली दिली नाही. त्यामुळे नुवोवर ही कार्डे सुरू होतात, पडद्यावर चित्र येते, पण ती संगणक सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकून राहतात. घोडा दिला, पण लगाम मालकाच्याच हाती, अशी ही अवस्था.

मे २०२२ मध्ये कंपनीने गाभ्यात चालणारा आपला भाग मुक्त केला आणि त्याचे स्वागत झाले. बारकाईने पाहता त्यात दोन मेखा होत्या. कार्ड चालवण्याची बरीचशी अक्कल कार्डावरील एका स्वतंत्र प्रोसेसरच्या बंदिस्त फर्मवेअरमध्ये हलवली गेली होती आणि तो प्रोसेसर २०१८ पासूनच्या 'ट्युरिंग' व त्यापुढील कार्डांतच आहे. नुवोलाही याच फर्मवेअरच्या आधारे नव्या कार्डांचा वेग हाती घेता आला. मधल्या पिढ्यांचे काय? २०२५ मध्ये कंपनीने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तीन पिढ्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची अखेरची मालिका असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या मालिकेत त्यांना वगळले.

पास्कल म्हणजे २०१६ मध्ये आलेली, घरोघरच्या संगणकांत आजही व्यवस्थित चालणारी कार्डे. कंपनीच्या जुन्या मालिकेला काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. पण लिनक्सचा गाभा दर दहा आठवड्यांनी पुढे सरकतो आणि बाहेर राहिलेला ड्रायव्हर केव्हा ना केव्हा त्याच्याशी जुळेनासा होतो. मुक्त ड्रायव्हर आहे, पण त्याचे पाय स्वाक्षरीने बांधलेले. मालकाचा ड्रायव्हर आहे, पण त्याचे आयुष्य सरत आलेले. ही कार्डे त्रिशंकूसारखी मधेच लटकली आहेत. यंत्र धडधाकट असून त्याला निवृत्त करण्याचा निर्णय त्याच्या मालकाने घेतलेला नाही, तो किल्ली बाळगणाऱ्याने घेतला आहे.

मुक्त म्हणजे अमर नव्हे

यावरून मुक्त स्रोतातील ड्रायव्हर चिरंजीव असतात, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. एप्रिल २०२३ मधील लिनक्स ६.३ मधून नव्वदच्या दशकातील आणि त्यानंतरच्या काही कार्डांचे जुने ड्रायव्हर काढून टाकण्यात आले. इंटेलचे आय-८१०, मॅट्रॉक्स, एस-३ सॅव्हेज, एकेकाळी खेळाडूंच्या गळ्यातला ताईत असलेले थ्रीडीएफएक्सचे व्हूडू, ही त्यातली काही नावे. ते वापरणारे फारसे उरले नव्हते. तपासून पाहायला कार्डे नाहीत, सांभाळायला माणूस नाही आणि जुनी रचना सुरक्षेला बाधक, अशा स्थितीत निरोप देणेच इष्ट होते.

सगळेच निरोप असे बिनबोभाट होत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी मजकुराच्या पडद्यावर मागे सरकून पाहण्याची एक जुनी सोय काढून टाकली. तिच्यात सुरक्षेची त्रुटी सापडली होती आणि तो भाग नीट जाणणारे कोणी उरले नव्हते. हा जुना 'फ्रेमबफर' विभाग पुढे खरोखरच वारसाविना राहिला. जानेवारी २०२२ मध्ये हेल्गे डेलर यांनी तो दत्तक घेतला. एचपीच्या जुन्या पीए-रिस्क संगणकांवर लिनक्स जिवंत ठेवणारा हा गृहस्थ. पडदा यंत्राच्या मदतीने वेगाने सरकवण्याची दुसरी एक जुनी सोयही काढली गेल्याने त्यांच्याकडील यंत्रांवर पडदा कमालीचा संथ झाला होता, ती सोय त्यांना परत हवी होती. नव्या ग्राफिक्स विभागाने आक्षेप घेतला. जे मोठ्या कष्टाने मोडीत काढले, ते पुन्हा का उभारायचे, असा त्यांचा प्रश्न. अखेर ज्यांना हवी त्यांनीच चालू करावी, अशी ऐच्छिक स्वरूपात ती सोय परतली. या तंट्यात दोन्ही बाजू आपापल्या जागी योग्य होत्या. एकाला आपल्या समोरचे यंत्र दिसत होते, दुसऱ्याला पुढची दहा वर्षे.

थकलेली माणसे

या साऱ्याच्या मुळाशी पुन्हा माणसेच येतात. नुवोची धुरा वर्षानुवर्षे वाहणारे बेन स्केग्ज सप्टेंबर २०२३ मध्ये रेड हॅटमधून आणि देखभालीच्या जबाबदारीतूनही बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ते एनव्हिडियाच्या सेवेत दिसले आणि तेथून नुवोसाठी सुधारणा पाठवू लागले. ज्या कंपनीच्या कुलुपाशी आयुष्यातील उमेदीची वर्षे झुंजण्यात घालवली, तिनेच अखेर वेतन द्यावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नुवोचे आणखी एक देखभालकर्ते कॅरोल हर्ब्स्ट यांनी प्रकल्पातील वागणुकीच्या संस्कृतीवर नाराजी व्यक्त करत पद सोडले. त्याच महिन्यात रस्टच्या वादातून अॅपलच्या संगणकांवर लिनक्स आणणारे हेक्टर मार्टिन बाहेर पडले, तर रस्टला विरोध करणारे क्रिस्टोफ हेलविग यांनीही आपल्याकडील एका विभागाची जबाबदारी सोडली. भांडणाच्या दोन्ही बाजूंची माणसे कमी झाली.

पगारी माणसे असली म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. लिनक्सच्या ग्राफिक्समध्ये आजवर सर्वाधिक गुंतवणूक करणाऱ्यांत इंटेलची गणना होते. पण २०२५ मध्ये कंपनीवर आर्थिक संकट आले, मोठी नोकरकपात झाली, जुलैमध्ये 'क्लिअर लिनक्स' हा तिचा स्वतःचा प्रकल्प गुंडाळला गेला आणि गाभ्याच्या नोंदवहीत इंटेलच्या काही ड्रायव्हरांपुढे 'अनाथ' हा शेरा उमटला. कंपनीचा ताळेबंद बिघडला की त्याचे पडसाद सार्वजनिक मालमत्तेच्या देखभालीत असे उमटतात.

एकट्या, थकलेल्या देखभालकर्त्यामुळे केवढा धोका ओढवू शकतो, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. 'एक्सझेड' या फाइल आकुंचित करणाऱ्या छोट्या आज्ञावलीच्या एकमेव देखभालकर्त्याचा विश्वास संपादन करून कोणा अज्ञाताने तिच्यात चोरदरवाजा बसवला होता. मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याला संगणकाचा अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला म्हणून तो उघड झाला, अन्यथा असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते. ग्राफिक्स विभागाची सामुदायिक पद्धत अशा धोक्याविरुद्ध काही प्रमाणात कवच ठरते. पण समुदाय म्हटला तरी तो शेवटी मोजक्याच माणसांचा.

रस्ट का?

या पार्श्वभूमीवर टोकियोतील घोषणेकडे पाहिले पाहिजे. सी भाषेत स्मृतीचा हिशेब प्रोग्रॅमरने स्वतः ठेवायचा असतो. एखादी जागा परत केल्यावरही चुकून तीच वापरली, तर कधी संगणक कोलमडतो, कधी हल्लेखोराला दार उघडते. ग्राफिक्समध्ये स्मृतीची देवाणघेवाण अखंड चालू असल्याने अशा चुकांना येथे विशेष वाव. रस्टमध्ये यातील बहुतेक चुका आज्ञावली तयार होतानाच पकडल्या जातात. म्हणजे परीक्षण करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे काही ओझे यंत्राकडे सरकते. डिसेंबर २०२२ मधील लिनक्स ६.१ मध्ये रस्टने पहिले पाऊल टाकले. एनव्हिडियाच्या ट्युरिंगपासून पुढच्या कार्डांसाठी रस्टमध्ये लिहिल्या जाणाऱ्या 'नोव्हा' या नव्या ड्रायव्हरचा सांगाडा मे २०२५ मधील ६.१५ मध्ये आला.

विरोधकांचा आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखा नाही. सामाईक भाग सीमध्ये आणि ड्रायव्हर रस्टमध्ये असतील, तर मधल्या सांध्याची देखभाल कोणी करायची? सीमध्ये बदल करणाऱ्याने रस्टचा भाग मोडला, तर दुरुस्ती कोणाच्या माथी? आधीच माणसे कमी असताना दोन भाषा जाणणारी माणसे आणायची कोठून? रस्टच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर असे, की नवी पिढी सीकडे वळतच नाही. भाषा बदलली नाही तर वीस वर्षांनी सांभाळायलाच कोणी उरणार नाही. दोघांचाही हिशेब शेवटी मनुष्यबळाचाच आहे. जुने सी ड्रायव्हर लगेच कोणी फेकून देणार नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. नियम नव्यांसाठी आहे, त्यामुळे दोन्ही भाषांचा संसार दीर्घकाळ एकत्र चालेल.

पुण्यापर्यंत पोहोचणारा धागा

भारताचा या कथेशी संबंध दूरान्वयाचा नाही. पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या, तर 'ऐरावत' जून २०२३ च्या यादीत ७५ व्या क्रमांकावर होता. दोन्हींचा कणा एनव्हिडियाचे ग्राफिक्स प्रोसेसर. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभियानासाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले, त्याचा मोठा वाटा अशाच प्रोसेसरांवर खर्च होणार आहे. यंत्रे आपण विकत घेऊ, पण त्यांची आयुर्मर्यादा ठरवणारी किल्ली कोणाकडे राहील, हा प्रश्न खरेदीच्या निविदांत विचारला जायला हवा. पास्कलचे जे आज झाले, ते आजच्या महागड्या कार्डांचे उद्या होणार नाही, असे कोण सांगेल?

सामान्य घरांचाही यात वाटा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य चालू संगणक एकतर भंगारात जाणार किंवा लिनक्सवर नेले जाणार. दुसरा पर्याय किती जणांना खुला राहील, हे त्यातील ग्राफिक्सच्या दुभाष्याला कोणी वाली आहे की नाही, यावर ठरेल. ई-कचऱ्याच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो.

आणखी एक धडा राजकारणाचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या नोंदवहीतून सुमारे डझनभर रशियन देखभालकर्त्यांची नावे काढण्यात आली. त्यांना नोकरी देणाऱ्या संस्थांवरील निर्बंधांमुळे कायद्याचे पालन करणे भाग होते, असे कारण देण्यात आले. आज्ञावली आजही रशियासह सर्वांना खुली आहे, ती वापरण्याचा हक्क कोणाचा गेलेला नाही. पण निर्णयाच्या पंगतीतील पाट मात्र आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या झळीपासून सुरक्षित नाही, हे त्यातून दिसले.

भारतीय अभियंते या कामात नाहीत असे नव्हे. इंटेलच्या बंगळुरू केंद्रातील अनेक जण पडद्याच्या ड्रायव्हरवर नित्य काम करतात. परंतु ते काम परदेशी कंपनीच्या पगारावर आणि तिच्या अग्रक्रमानुसार चालते. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली आणली. भारतीय भाषांसाठी तिचा उपयोग झाला, पण अशा प्रणाली जगाने सांभाळलेला गाभा घेऊन वरचे वेष्टन बदलतात. गाभ्याच्या देखभालीत सातत्याने माणसे गुंतवणे, हे कमी दिखाऊ आणि अधिक टिकाऊ काम. सरकारी खरेदीच्या रकमेतील अत्यल्प हिस्सा जरी सार्वजनिक संस्थांतील अशा पूर्णवेळ अभियंत्यांवर खर्च झाला, तरी काही वर्षांत नोंदवहीत आपल्या संस्थांची नावे दिसू लागतील. ती उद्घाटनाच्या फितीसारखी छायाचित्रात येणार नाहीत, इतकेच.

टोकियोतील निर्णयाची कसोटी येत्या दोन-तीन वर्षांत लागेल. नोव्हासारखे ड्रायव्हर सांगाड्यातून रोजच्या वापरात आले आणि त्यासोबत नवी माणसे आली, तर भाषाबदलाचा जुगार फळला असे म्हणता येईल. नवे ड्रायव्हर रेंगाळले आणि जुने जाणते दोन्ही बाजूंनी गळत राहिले, तर अनाथ नोंदींची संख्या वाढेल. संगणक उघडल्यावर पडदा उजळतो, तेव्हा त्यामागे कोणाचे श्रम आहेत, हे आठवण्याचे कारण सहसा पडत नाही. पडदा काळा राहिला की मात्र ते प्रत्येकाला पडेल.